चार तांबड्या वायरी

उचगावच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये भीमाप्पा गाड्यांचं वायरिंग करतो. वय पासष्ट. मूळचा शिरोळच्या पल्याडचा, त्यामुळं घरात कानडी, दुकानात मराठी आणि वायरींशी बोलताना दोन्ही. जुनी कुठलीबी गाडी द्या, हा गडी आधी बॉनेट उघडत नाही. सीटवर बसतो आणि डोळे मिटतो. बॅटरीतनं निघालेला करंट कुठनं कुठं गेला, कुठल्या वळणावर अडला, ते त्याला पापणीच्या आत दिसतं म्हणे. म्हणे कशाला, मी बघितलंय. डोळे मिटूनच डॅशबोर्डखाली हात घातला आणि कुजलेला जोड बाहेर काढला.

पण जुन्या गाडीत वायरी असतात तरी किती? दोन माणसांच्या हातापायाची बोटं पुरतात मोजायला.

गारगोटीच्या चिमणाबाईची व्हॅन आली आणि हा हिशेब मोडला. चिमणाबाई गावोगावच्या आठवडी बाजारात साड्या विकते, गाडी स्वतः हाकते. व्हॅन तीस वर्षांची, इंजिन पार बसलेलं. गुंडू मिस्त्रीनं अपघातात चेपलेल्या एका नव्याकोऱ्या गाडीचं इंजिन आणून तिच्या पोटात बसवलं. इंजिनाबरोबर त्याचा कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटरबरोबर कडब्याच्या पेंडीएवढा वायरींचा भारा.

गुंडू म्हणाला, अण्णा, हे तुमचं काम न्हवं, पुण्यासनं माणूस बोलवू. एकट्याला गाठून म्हणाला असता तर चाललं असतं. चहाच्या टपरीवर, चारचौघांत म्हणाला.

भीमाप्पानं कप खाली ठेवला. "शनवारपतूर ही गाडी चालू झाली न्हाय, तर दुकानाची पाटी उतरवतो. परत वायरीला हात लावणार न्हाय."

आमच्याकडं असं बोलणं तोंडातनं सुटलं की ते बोलणाऱ्याचं राहत नाही. सांजच्याला ते शिरोलीच्या नाक्यावर पोचलं होतं.

भीमाप्पाची सून सौंदर्या जयसिंगपुरात शिकलेली. तिनं त्या इंजिनाच्या वायरिंगचा नकाशा फोनवर उतरवून घेतला. तीन दिवस दुपारी भीमाप्पा डॅशबोर्डखाली उताणा आणि सौंदर्या दाराच्या पायरीवर. ती नुसता रंग वाचायची, तो भाऱ्यातनं तेवढी वायर ओढून वर धरायचा, मग ती चिठ्ठी लिहून वायरीला चिकटवायची. रेड आली, तो म्हणाला, तांबडी लिही. ब्राऊन आली, हीबी तांबडीच.

सौंदर्या थांबली. "मामा, दोन्ही तांबड्या कशा?"

"मग काय म्हणायचं? रस्साबी तांबडा आणि मातीबी तांबडीच की. आपल्या कानडीत तरी कुठं दोन हायत? केंपू म्हंजे केंपू."

सासऱ्यापुढं शिकलेलं कशाला पाजळायचं, म्हणून तिनं लिहिलं. चार चिठ्ठ्या, चार तांबड्या. तांबडी म्हणजे बॅटरीची, हे भीमाप्पाला चाळीस वर्षं पाठ. चारी त्यानं बॅटरीच्या प्लसला जोडल्या.

शनिवारी दुपारी चावी फिरवली. सेल्फ फिरला, फिरत राहिला, इंजिनानं काही धरलं नाही. कॉम्प्युटरचा दिवासुद्धा लागेना. भीमाप्पानं आपला टेस्ट लॅम्प काढला. साधा बल्ब, दोन वायरी. एक चिमटा गाडीच्या बॉडीला लावायचा, दुसरं टोक वायरीला टोचायचं. चारी तांबड्यांवर बल्ब लख्ख. करंट तर दारात उभा. गुंडू येऊन बघून गेला.

भीमाप्पा सीटवर बसला, डोळे मिटले. पत्रा उन्हानं कडकड वाजत होता. हळूहळू तो आवाज लांब गेला. वायरीची पायवाट झाली, पायवाटेनं गुरं चालली होती, डोंगराच्या अंगाला, एकामागं एक, गळ्यातल्या घुंगरांसकट. त्यांच्याबरोबर तोही चालला. माथ्यावर गुरं दाटली. ऊन कललं, सावल्या लांबल्या, तरी एक जनावर खाली वळेना. खाली जायला वाटच नव्हती. सगळी एकमेकांच्या पाठीवर मान टाकून उभी, आणि त्यांच्या उच्छ्वासाचं धुकं त्याच्या तोंडाला लागत होतं.

तो जागा झाला आणि सौंदर्याला म्हणाला, "जातंय समदं. माघारी काय येत न्हाय."

जुन्या गाडीत माघारीची वाट वेगळी घालावी लागत नाही. गाडीची बॉडीच वाट. या कॉम्प्युटरला मात्र स्वतःची अर्थिंगची वायर लागते. ती कुठं हाय? भीमाप्पाच्या लेखी अर्थिंग म्हणजे काळी. नकाशात बघायला सांगायचं सोडून त्यानं अख्खा भारा उलटापालटा केला. मोकळी काळी वायर एकबी नव्हती.

तेवढ्यात चिमणाबाई आली. गाडी झाली का म्हणून डोकावली आणि चिठ्ठ्या वाचत बसली. वाचता वाचता हसायलाच लागली. म्हणाली, तांबडं दाखवा म्हणणाऱ्या बाईपुढं मी ह्या वायरीच्या रंगाची साडी टाकली तर ती माझ्या तोंडावर फेकून जाईल.

"अण्णा, ह्या दोन तांबड्या," तिनं बोट ठेवलं. "आणि ह्या दोन चॉकलेटी हायत की."

सौंदर्यानं नकाशा उघडला. दोन्ही ब्राऊन. दोन्हींपुढं अर्थिंगची खूण.

भीमाप्पानं पक्कड घेतली, दोन वायरी प्लसवरनं सोडवल्या, चासीचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं आणि तिथं बोल्टखाली घट्ट आवळल्या. चिमणाबाईला म्हणाला, अक्का, मार सेल्फ. आणि कान देऊन उभा राहिला. जुनं इंजिन चालू झालं की दारं थडथडायची, काचा वाजायच्या. यातलं काहीच झालं नाही.

"मार की सेल्फ," तो परत म्हणाला.

"चालू हाय, अण्णा."

त्यानं बॉनेटवर पालथा पंजा ठेवला. मग बंद करायला लावली. परत चालू. परत बंद. चौथ्या वेळी त्याला ऐकू आलं, चुलीवर दूध तापायला लागावं तसं, बारीक. तो तसाच उभा राहिला. शेडच्या दारात ऊन उतरलं होतं, गुंडू कधी येऊन थांबला होता ते त्याला कळलंही नव्हतं.

"अण्णा," चिमणाबाई आतनं म्हणाली, "डिझेल माझं जळतंय."

तेव्हा कुठं त्यानं हात काढला.