छिन्नी धरलेला भाऊ

नाशिकहून इंदूरच्या बसमध्ये बसले तेव्हा माझ्या मांडीवर सासरचं नाव घातलेला तांब्या होता. बाबा खिडकीखाली उभे राहून म्हणाले, "भाव आधी आपण बोलायचा नाही. समोरच्याला बोलू द्यायचं." लग्न होऊन निघालेल्या लेकीला सांगायला त्यांना दुसरं काही सुचलं नाही. मालेगावपर्यंत मी रडले, मग भूक लागली.

त्या एका वाक्यावर मी तिथल्या बर्तन बाजारात दुकान उभं केलं. आधी घराच्या ओट्यावर छिन्नी-हातोडी घेऊन भांड्यांवर नावं घालत बसायचे, मग भाड्याचा गाळा घेतला, आता नावं घालायच्या दोन मशीन आहेत. व्यापारी मला बघूनच म्हणतात, दीदी, आज झगडा नको, वाजबी लावतो. माझी मराठी हिंदीत भिजली, पण राग नाशिकचाच राहिला.

परवा भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. नाशिकच्या जुन्या दुकानांच्या आणि इमारतींच्या फोटोंचं प्रदर्शन भरलंय, त्यातला. भांडी बाजारातलं बाबांचं दुकान, गादीवर माझा धाकटा भाऊ सुधाकर हंड्यावर नाव घालताना. खाली ओळ: मालकांचा मुलगा, नावं घालण्यात निष्णात.

सुधाकरने जन्मात एक नाव घातलेलं नाही. फोटोत त्याने छिन्नी बत्त्यासारखी मुठीत धरलीय. अशी धरली तर अक्षर उठत नाही, अंगठा मात्र फुटतो. नावं मी घालायचे, शाळेतून आले की दिवे लागेपर्यंत. फोटोवाला आला तो मी निघायच्या आदल्या दिवशी. बाबांनी माझ्या हातातली छिन्नी काढून त्याला दिली. म्हणाले, "तू उद्या जाणार. फोटोत राहणारा दिसू दे."

रात्रीची बस धरून दुसऱ्या दिवशी मी प्रदर्शनात हजर. सुधाकर फोटोशेजारी उभा, कॉलेजच्या मुली त्याच्यासोबत सेल्फी काढतायत. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. त्याला कोपऱ्यात घेतलं आणि ओळ बदलायला सांगितली.

"ताई, बाबांनी हातात दिलं, मी धरलं," तो म्हणाला. खाली बारीक अक्षरात माझंही नाव टाकू, म्हणाला. मी गप्प राहिले. मग म्हणाला, बरं, सारख्या अक्षरात. मी तरी गप्पच. शेवटी म्हणाला, आधी तुझं, मग माझं. तेव्हा मी तोंड उघडलं आणि 'निष्णात' हा शब्दही मागितला.

"मग मला काय राहिलं?"

"गादी."

तो हसला, मग मीही. प्रदर्शनातल्या मुलीने तिथल्या तिथे नवी चिठ्ठी लिहून लावली. एका आजोबांनी ती मोठ्याने वाचली आणि या शालिनी कोण म्हणून विचारलं. सुधाकरने मला पुढे केलं. "ही माझी ताई. इंदूरची."

"नाशिकची," मी म्हटलं.

"असं का? नाशिकला कुठं राहता?" आजोबांनी विचारलं.

इतकी वर्षं बाजारात बोलून पोट भरलं, आणि मी नुसतं फोटोतल्या दुकानाकडे बोट दाखवलं. नाव तर मिळालं. पण आपलं गाव कोणतं हे ज्याला आयुष्यात एकदाही सांगावं लागलं नाही, तो माझ्या बाजूला उभा होता, आणि त्याचा हेवा काही कमी झाला नाही.