आप्पांचं ताट

धुतलेल्या ताटावरून आप्पा बोट फिरवायचे. बोट करकरलं तर ताट स्वच्छ. नुसतं सरकलं तर सुनेला म्हणायचे, "तेलकट हाय. घास परत." मग तेवढं एक ताट नाही, धुतलेल्या भांड्यांची सगळी पाटी ते अंगणातल्या मातीत पालथी करायचे.

आप्पा साखर कारखान्याच्या कॅन्टीनला भांडी घासायचे, मी तिथंच उसाच्या वजनकाट्यावर. पाटसजवळ आमची घरंही शेजारी. मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस, लिहिताना चुकत असेन. पण पाहिलं ते पाहिलं. कॅन्टीनचा मुकादम आप्पांची पाटी अशीच पालथी करायचा. तुम्ही म्हणाल, सोसलेला माणूस दुसऱ्याला सोसायला लावत नाही. लावतो.

सून वडगाव रासाईची. थंडीत तिच्या बोटांना चिरा पडायच्या आणि चिरांत साबण जायचा. पोटुशी होती तरी तीन-तीनदा घासायला बसावं लागलं. नवरा मोबाईलमध्ये तोंड घालून बसायचा.

एकदा तिचा बाप भेटायला आला. आप्पांनी कढई त्याच्या नाकाशी धरली. "हुंगा पाव्हणं. तुमच्या लेकीचं काम." बापानं टोपी काढून ठेवली, हौदापाशी बसला आणि कढई घासू लागला. आप्पा वर उभे राहून सांगत होते, "कानाखाली राह्यलंय, कानाखाली." मी हसलो. सून दारातनं बघत होती. माझ्याकडंही.

पुढं साखरेच्या दुखण्यानं आप्पांची नजर गेली, बोटं बधिर झाली. वास तर आधीच साथीच्या तापात गेला होता. मग ताट पुढ्यात आलं की मला हाक यायची, "गड्या, ये. बघ जरा." सुनेवर विश्वास नाही, पोरावर नाही. काट्यावर मी कधी किलोभर इकडचं तिकडं केलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक.

पहिल्या दिवशी गेलो. ताटाच्या काठाला कालचं पिठलं वाळून चिकटलेलं. नातवंडांची ताटं शेजारीच, लखलखीत. सून उलथनं हातात घेऊन उभी. लपवलं काहीच नाही तिनं. माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मी म्हणालो, "आरशागत हाय, आप्पा."

ते जेवले.

मग रोज दुपारी गेलो, वर्षभर. कधी शिळी शितं, कधी साबणाचा थर. एकदा मुंगी फिरत होती. ती अंगठ्यानं दाबली आणि चकचकीत म्हणालो. सुनेची दया आली असं लिहिलं तर बरं दिसेल. पण कुणीतरी माझ्या शब्दावर जेवतंय, याची मला गोडी लागली होती.

आप्पा जायच्या आदल्या आठवड्यात सुनेनं मलाही वाढलं. "मामा, बसा तुम्हीबी." माझं ताट स्वच्छ. शेजारी आप्पांचं, नेहमीसारखंच खरकटं. चाचपडत घास मोडत ते हळूच म्हणाले, "शेवटी शिकली बघ पोरगी. तिला सांगू नको, डोक्यावर बसंल."

सून मागंच उभी होती. तिनं ऐकलं. दुसऱ्या दिवशीही ताट तसंच आलं, आणि मीही तसंच सांगितलं.