बैलाच्या चाकांवरची क्रूझर

बाबांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण रद्दीतल्या एका मासिकात त्यांना शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका चिलखती क्रूझरचं, म्हणजे लढाऊ जहाजाचं, चित्र सापडलं आणि ते तिच्या पार नादी लागले. अंगभर पोलादी पत्रा, चार धुराडी, केवढा तोरा! पण ती बांधून होईस्तोवर तिच्याहून तगडी जहाजं निघाली, आणि लढाई सुरू झाल्यावर लवकरच ही सुरुंग लागून बुडाली बिचारी. "काही करूच देलं नाई तिले," बाबा हळहळायचे, जशी काही ती आमच्या सावंगीचीच पोर.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल दारोदार फिरवतात, तो तान्हा पोळा. त्या साली मी बैल मागितला. बाबांनी बैलासाठी आणलेल्या सागाच्या लाकडाची क्रूझर कोरली आणि खाली बैलाचीच चाकं लावली! मी भोकाड पसरलं. सगळ्यांचे बैल, आणि माझी ही बोट. गल्ली हसून हसून लोटपोट. समोरच्या काकूंनी मात्र बोटीच्या टोकाला कुंकू लावलं, पुढ्यात पुरणपोळी ठेवली, माझ्या हातावर बोजाऱ्याचे पैसे ठेवले. "पुढल्या सालीही येजो वं हिले घेऊन."

मग काय, दरसाल गेले. मी मोठी झाल्यावर गल्लीतली पोरं तिला न्यायची. खऱ्या क्रूझरपेक्षा कितीतरी जास्त नोकरी झाली तिची. फक्त पाण्याजवळ न्यायची सोय नव्हती. नाल्यात सोडून पाहू म्हटलं की बाबा डोळे वटारायचे, "एकदा बुडाली तेवढं पुरे हाय."

या उन्हाळ्यात बाबा गेले. पवनारला धाम नदीत अस्थी सोडायला निघालो, तर भाऊ बोट काखेत मारून आला. म्हणे, बाबांची आवडती होती, त्यांच्यासोबतच जाऊ दे. माझं डोकंच फिरलं. "हात नको लावू तिले!" भर अंगणात ओरडले मी आणि बोट हिसकावून घेतली. नातेवाईक बघत राहिले. बघू देत.

तान्हा पोळा आला. दुखवट्याचं साल, घरात सण नाही. बाहेर पोरांचा गलका आणि बोट कपाटावर. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच घरी बसली होती. मला फार वाईट वाटत होतं. तेवढ्यात समोरच्या काकू दारात आल्या. आता खूप थकल्यात, एका हातात काठी, दुसऱ्या हातात ओवाळायचं ताट.

"काकू, यंदा आमच्याकडे सण नाई," मी म्हटलं.

"तुमचा नाई वं," त्या म्हणाल्या. "तिचा तर हाय. काढ तिले बाहेर."