छातीभर पाणी

नांदे गावच्या अनसूया ढमाले शेहेचाळीस वर्षांच्या झाल्या, तरी कुठल्या घरात एकट्या कधी राहिल्या नव्हत्या. माहेरी सहा भावंडं, सासरी दीर-जावा, आणि जमीन विकून खोल्या काढल्यावर तिथं आयटीवाली भाडेकरू पोरं. या गर्दीतच त्यांचा ब्रश चाले. तालुक्यातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवरचे मोर, बाराखडी, हात धुणारी मुलगी त्यांच्याच हातची. मास्तर मागं उभे राहून म्हणत, "पिसारा जरा मोठा करा." त्या करत.

सायली नावाच्या एका शिक्षिकेनं त्या भिंतींचे फोटो परस्पर कुठंतरी पाठवले, आणि मुळशी धरणाच्या पाण्यातल्या एका बेटावर पंधरा दिवस राहून चित्रं काढायचं बोलावणं आलं. सोबत राहणारा दुसरा चित्रकार ऐनवेळी आजारी पडला. दोन खोल्यांच्या घरात अनसूयाबाई एकट्या. भिवाजी होडीवाला रोज सकाळी डबा घेऊन येई, चार शब्द बोलून जाई. मग दिवसभर नुसतं पाणी.

चार दिवस त्यांनी काहीच काढलं नाही. काय काढायचं हे सांगायला कुणी नव्हतं, आणि चित्रासाठी ताणलेल्या पांढऱ्या कापडासमोर त्या नुसत्या बसून राहत. पान वाजलं तरी त्या दचकत.

पाचव्या दिवशी वारा सुटला. भिवाजी आला नाही. दुपारी खालून आवाज येऊ लागला. धप. थांबून पुन्हा धप. बराच वेळ त्या दाराआड उभ्या राहिल्या. शेवटी काठी घेऊन उतरल्या, तर भिवाजीची होडी खडकावर आपटत होती. आत कुणी नव्हतं. तळाच्या पाण्यात डबा आडवा पडला होता.

डबा होता म्हणजे माणूस निघाला होता.

त्यांनी हाका मारल्या. वाऱ्यानं त्या तोंडातच परतवल्या. मोबाईलला रेंज नव्हती. होडी हळूहळू खडकापासून सुटायला लागली. ती गेली तर भिवाजी कुठं बुडाला हेही कुणाला कळणार नाही, असं त्यांना वाटलं. पोहता येत नव्हतं. तरी पदर खोचून त्या उतरल्या. पायाखाली गाळ, पिंढरीला काहीतरी घासून गेलं. पाणी छातीला लागलं, एक लाट आली आणि पाय सुटले. क्षणभर डोळ्यांसमोर नुसता काळा हिरवा रंग. मग हाताला दोर लागला.

होडी काठावरच्या जांभळाच्या झाडाला बांधून त्या घरात आल्या. दात वाजत होते. "देवा, त्याची पोरंबाळं," एवढंच तोंडात. ओल्या अंगानंच त्यांनी ब्रश धरला. उजेड सरेपर्यंत काढत राहिल्या. काळं, हिरवं, आणि अगदी वर बोटभर आभाळ.

सकाळी भिवाजी भावाच्या होडीतून आला. त्याला बघून अनसूयाबाई उंबऱ्यातच बसल्या.

"होडीत डबा ठिवला आन पावसाचं इरलं आणाय घरात गेलो, तवर दोर तुटला," तो म्हणाला. "दुसऱ्या होडीनं यावं तर वारा लई व्हता."

"मला वाटलं, तुमी गेलात," त्या म्हणाल्या.

भिवाजीची नजर चित्रावर गेली. तो एक पाऊल मागं सरला.

"ताई, ल्हानपणी मी बुडालो व्हतो. असंच दिसलं व्हतं." मग म्हणाला, "सामान बांधा. लई भ्यालात तुमी. सोडतो तुमाला काठाला."

अनसूयाबाईंनी पाण्याकडं पाहिलं. तळवे अजून गार होते.

"अजून धा दिवस हायेत," त्या म्हणाल्या. "जाताना ती होडी न्या. मला तिच्याकडं बघवत न्हाई."

तो गेल्यावर त्यांनी दुसरं कापड ताणलं. भीती होतीच. ब्रश भिजवला.