नाव कुणाचं लागलंय?

‘नाव कुणाचं लागलंय?’ हा त्याचा पहिला प्रश्न असायचा. देवळात नवी घंटा बांधली की बाकीचे ती वाजवून बघायचे, हा मान वाकडी करून तिच्यावर कोरलेलं नाव वाचायचा. लग्नाची पत्रिका हातात पडली की नवरा-नवरीच्या आधी निमंत्रकांची नावं. कुणाचं वर आहे, कुणाचं खाली ढकललंय, कुणाचं गाळलंय. असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. ‘चहा घेता का’ विचारलं तरी भांडायला उठणारा.

आमच्या आराधी मेळ्यात तो संबळ वाजवायचा. मेळा म्हणजे आम्ही लोहाऱ्यातली पाच माणसं, देवीची गाणी म्हणणारी. पेटीवर रिटायर झालेले एक गुरुजी, झांजेला माझी जाऊ, तुणतुण्याला तिची बहीण, संबळ हा, आणि गायला मी. नवऱ्याच्या गल्लीतला म्हणून मी त्याला भावजी म्हणायचे, तो मला वैनी म्हणायचा. एवढं सोडलं तर आमच्यात गोड असं काही नव्हतं. पण त्यानं संबळ कमरेला बांधला की माझ्या अंगावर काटा यायचा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल, बाई नुसती जळतेय.

‘पायाला आला फोड, आई वाट तुझी गोड’ हे गाणं मी बांधलं. माझं स्टँडसमोर शिलाईचं दुकान आहे, तिथं मशीनवर बसून बांधलं. शेवटच्या कडव्यात रिवाजाप्रमाणं माझं नाव : ‘सुभद्रा म्हणे आई, वाट तुझी सरंना.’ सोलापूरची एक कंपनी आली, मंगल कार्यालयात रेकॉर्डिंग करून गेली. गाणं ॲपवर आलं. खाली लिहिलेलं होतं, ‘पारंपरिक’. मी मनात म्हटलं, असू दे, लोक ऐकतात ना.

त्याचं डोकं तेवढ्यानंच फिरलं होतं. त्यात त्यानं आमच्या एका गोंधळाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्याच ॲपवर टाकला, आणि दुसऱ्या दिवशी तो उडाला. ‘हे संगीत दुसऱ्याच्या मालकीचं आहे,’ असा मेसेज आला. तो फोन नाचवत माझ्या दुकानात शिरला.

“वैनी, हात माजे, संबळ माजा, आन चोर बी म्याच?”

“तक्रार करा की मग.”

“कुणाकडं? बटन दाबलं की दुसरं बटन येतंय. शिव्या द्यायला तरी माणूस ठिवावं का न्हाय त्यांनी!”

इथवर त्याचं खरंच होतं. पुढं तो पुण्याला जाऊन आला. कंपनीच्या दारात न जाता आपली गाणी आपणच काढणाऱ्या पोरांचा कसला तरी मेळावा होता. गिटारवाले, रॅपवाले, आणि त्यात हा धोतरातला संबळवाला. येताना ‘ब्लॉकचेन’ घेऊन आला. आल्या आल्या आम्हाला पेटीभोवती बसवलं आणि समजावलं ते असं :

“सातबारा हाय की न्हाय? तसाच गाण्याचा सातबारा. पर ह्याला तलाठी न्हाय. नक्कल समद्यांच्या घरात. एकानं खाडाखोड केली की बाकीच्यांची नक्कल वरडती. गाणं कुणाचं, हिस्सा कुणाचा, एकदा लागलं की लागलं!”

गुरुजींनी चष्मा काढून विचारलं, “आणि चुकीचं लागलं तर?”

“तुमी पेटी वाजवा.”

आता सातबारा म्हटल्यावर आपल्याकडं पुढं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. भावकी! हिस्सा लावायचा म्हटल्यावर गुरुजींना आठवलं की सूर त्यांचा आहे. जाऊ म्हणाली, झांज नसली तर गाण्यात राहतंच काय? तिची बहीण तर दोन दिवस तुणतुणं घेऊन घरात बसली. ज्या गाण्यावर आजवर कुणी हक्क सांगितला नव्हता, त्याचा बांध कोरायला आम्ही पाचही जणं निघालो. शेवटी त्यानंच सगळ्यांच्या अंगावर ओरडून सारखे हिस्से केले. गीत माझ्या नावावर लावलं. आणि अट घातली की गाणं दुसऱ्या कुणाला द्यायचं तर पाचही जणांनी आपापल्या फोनवर मंजुरी दिली पाहिजे. आम्ही ‘बरं’ म्हणून बोट लावलं. कटकट मिटली म्हणून लावलं.

गाणं चेनवर चढलं. छान झालं. नाव लागलं, सुभद्रा. आणि ऐकणारं कोण? आम्हीच! माझी लेक उमरग्याला दिलीय, तिला म्हटलं ऐक. ती म्हणाली, “आई, आधी पाकीट उघडा म्हणतंय, मग कसले तरी बारा शब्द जपून ठेवा म्हणतंय. पोरगं रडतंय, ठेवते फोन.” जावयानं प्रयत्न केला, त्याचा फोनच अडकला. कंपनीवालं रेकॉर्डिंग तर ह्यानं भांडभांड भांडून ॲपवरून काढायला लावलेलं. म्हणजे माझं गाणं मालकीचं झालं आणि मुकं झालं. माझा जीव ह्यात अडकला होता हो. दुसरं काही नको होतं मला. माझं गाणं लोकांच्या तोंडी असावं, एवढंच.

कंपनीवाले पुन्हा आले. आता नमून आले. सगळ्या मोठ्या ॲपवर टाकतो म्हणाले, नावही घालू, बारीक अक्षरात. आम्ही चौघांनी तिथंच, माझ्या दुकानात, मंजुरी दिली. हा हाताची घडी घालून बसला.

“मेलो तरी बोट लावणार न्हाय.”

“ऐकायला कोण हाय तुमच्या त्या चेनवर?” मी कात्री आपटली. “कुत्रं तरी फिरकतंय का तिथं?”

“आज न्हाय, उद्या येतील.”

“उद्या आपून असू का? निस्तं नाव घिऊन काय चाटायचं हाय?”

“वैनी, ज्याला नाव न्हाय त्याला बेवारस म्हणत्यात.”

“बेवारस तर बेवारस! माजं गाणं मारलं तुमी.”

तो उठला आणि चपला न घालताच निघून गेला. चपला मी जावेकरवी पाठवून दिल्या. त्यानंतर नवरात्रात आम्ही एकमेकांकडं पाठ करून गायलो. तो मुद्दाम लय चढवायचा, मी मुद्दाम मागं ओढायचे. ऐकणारे खूश होते. त्यांना वाटलं, रंग भरलाय.

कोजागरीला कर्नाटकातली माणसं तुळजापूरला चालत येतात. दरसाल नळदुर्गच्या रस्त्याला आमच्या गावचा चहाचा मांडव असतो, तिथं आमचा मेळाही बसतो. सकाळचं ऊन चढत होतं. एक जथा आला, बायकाच जास्त. लांबूनच कानावर पडलं, ‘पायाला आला फोड...’

मी उभीच राहिले. माझं गाणं! चालीत थोडं कानडी वळण, ताल पार लंगडा, पण शब्द न शब्द माझा. आदल्या साली इथं मांडवात ऐकून उचललं असणार. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मग शेवटचं कडवं आलं : ‘गंगव्वा म्हणे आई, वाट तुझी सरंना.’

कोण ही गंगव्वा? नावाचं काय चाटायचंय म्हणणारी मी, मीच पळत त्याच्याकडं गेले.

“भावजी, ऐकलं का? दुसरीच कुणी घातलीय तिथं! सांगा की त्यांना कुणाचं हाय ते!”

तो त्यांचा लंगडा ताल मांडीवर मोजत होता. म्हणून मीच पुढं होऊन पुढच्या पोरीला अडवलं. “बाई, ही गंगव्वा कोण?”

“आमची आई. दरसाल येत होती. औंदा गेली.” पोरीचे पाय सुजले होते. “तिचंच गाणं हाय हे.”

“गाणं म्या बांधलंय,” मी म्हटलं. म्हणाले मी, गिळलं नाही.

तिनं पदरानं तोंड पुसलं. “व्हय? आमची आई बी असंच म्हणायची.”

मी मागं वळून बघितलं. कंपनीला नमवणारा माणूस, आता तरी तोंड उघडेल! तो संबळाचा पट्टा कमरेला आवळत होता. जथ्याच्या पुढं जाऊन खेकसला, “हात मोडले का तुमचे? असा आसतोय व्हय ताल? पुन्यांदा धरा!” आणि वाजवायला लागला. त्या बायका हसल्या, त्यांनी गाणं पहिल्यापासून धरलं. शेवटच्या कडव्याला थांबवेल म्हणून मी कान लावून होते. गंगव्वाचं नाव आलं, त्यानं त्याच नावावर एक टणटणीत जादा ठोका दिला आणि तसाच त्यांच्याबरोबर पुढं निघून गेला. मी मागनं हाका मारल्या, शिव्याही दिल्या. एकदाही वळला नाही.

तुळजापूरहून आला तो मेळ्यात आला नाही. मीही बोलवायला गेले नाही. माघात छातीत कळ येऊन गेला. मला अजून राग आहे त्याचा. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, म्हणू देत.

मेळ्याला आता दुसरा संबळवाला आहे. बरा वाजवतो, भांडत नाही. शेवटच्या कडव्यात मी माझंच नाव घेते आणि चांगलं ठणकावून घेते. सुभद्रा. तो बिचारा नुसता ताल धरून राहतो, जादा ठोका देत नाही, आणि मी त्याच्याकडं बघत पुढची ओळ विसरते.