टोपलीखालचं पीठ

माझा धाकटा भाऊ मुरबाडच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून गेला. पोस्टमार्टेमला उशीर झाला, अंधार पडत आला होता, म्हणून जाणत्यांनी गाडी किन्हवलीवरून सरळ नदीवर नेली. त्याला घरी आणलंच नाही. आईने तेवढंच धरून ठेवलं. "त्याला घर दावलं नाय," ती म्हणायची, "आता तो वाट शोधीत फिरंल."

मला राग यायचा. त्याच रस्त्याने तो रोज कंपनीतून यायचा, डोळे मिटूनसुद्धा आला असता. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. दिवस मावळला की आई भाताचं ताट घेऊन उंबऱ्यात बसायची, तोंड रस्त्याकडे. "ये रे पोरा," म्हणून हाका मारायची. स्वतः घास घ्यायची नाही. ताट शेवटी कुत्री चाटायची.

आत त्याच्या खाटेपाशी दिवा ठेवला होता. तेल मी घालायचे. कुणीतरी मागून वाकून बघतंय असं दर वेळी वाटायचं, पण मी बोलले नाही. मला भित्री म्हणाले असते.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी चुलतीने त्या दिव्याजवळ तांदळाचं पीठ चाळून पसरलं आणि वर टोपली उपडी घातली. गेलेला माणूस घरी आला असेल तर पिठात त्याची खूण उठते, असं आमच्याकडे मानतात. खोलीला कडी घातली.

"पाऊल नाय उठलं," आई म्हणाली, "तर माज्या तोंडात अन्न जानार नाय." ती थट्टा नव्हती. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

सकाळी चुलतीने टोपली उचलली. पिठात एक पाऊल होतं. माणसाचं, उजवं, अंगठ्यासकट स्पष्ट. चुलता वाकला. "टाच आत, बोटं दाराकडं. निघाला बघ. सुटला पोरगा." सगळ्यांनी हात जोडले. चुलती आईला म्हणाली, "आता तरी दोन घास खा गो."

आई पिठाकडे बघतच राहिली.

"म्हंजे तो घरातच व्हता," ती म्हणाली. "आन् मी त्याच्याकडं पाठ करून रस्त्याला हाका मारीत बसली."

मग ती उठली, गरम भात वाढला आणि ताट घेऊन परत त्याच्या खाटेपाशी गेली. तोवर तो निघून गेला होता.