शंकरची टर्म

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी सुभेदार आबांचं नाव घेईन. तेच आबा त्या दिवशी सांगलीला आमच्या कॉलेजच्या ऑफिसबाहेर बाकावर बसले होते. विषमज्वरातून उठून त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते. अंगावर पलटणीतला जुना कोट होता आणि तो खांद्यांवरून लोंबत होता. त्यांच्या धाकट्या मुलाची, शंकरची, टर्म मिळणार की जाणार हे आत ठरायचं होतं. मी त्या कॉलेजात ट्यूटर होतो. नोकरीचं दुसरं वर्ष.

आबांचे उपकार कसे, ते थोडक्यात सांगतो. माझे वडील मेंढरं राखायचे. उन्हाळ्यात माणदेशातून निघून कोरेगावच्या बाजूला यायचे आणि लेंडीखतासाठी लोकांच्या रानात कळप बसवायचे. एका वर्षी आबांच्या रानात बसवला. मी बांधावर बसून गुळाच्या पुडीचा कागद वाचत होतो, ते आबांनी पाहिलं. वडिलांना म्हणाले, "मेंढरं तुजी, पोरगं माजं." त्यांनी मला घरी ठेवून घेतलं, पुढे साताऱ्याच्या हायस्कुलात घातलं. मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या सात पिढ्यांत पहिली सही मराठीत आणि दुसरी इंग्रजीत करणारा मीच.

आता टर्म म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या वेळी शिकवायचं कॉलेजनं आणि परीक्षा घ्यायची मुंबईच्या विद्यापीठानं. वर्षाच्या दोन टर्म असत. प्रत्येक टर्ममध्ये ठरावीक हजेरी भरली की प्रिन्सिपॉल ती टर्म 'ग्रँट' करत. दोन्ही मिळाल्या तरच परीक्षेचा फॉर्म मुंबईला जाई. एक जरी गेली तरी मुलगा कितीही हुशार असो, वर्ष गेलं. हजेरी थोडी कमी पडली तर प्रिन्सिपॉल माफ करू शकत, पण एकाच कारणासाठी. विद्यार्थी आजारी असला पाहिजे आणि डॉक्टरचा दाखला पाहिजे.

शंकर इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. आबा तापानं पडले तेव्हा घरात दुसरं माणूस नव्हतं. आई आधीच वारलेली, थोरला भाऊ पलटणीबरोबर समुद्रापार. शंकर गावी गेला आणि महिनाभर बापाच्या उशाशी बसला. अकरा दिवस कमी पडले.

मी त्याला सांगितलं, "डॉक्टरचा दाखला आण. जे झालं तेच लिहून आण." त्यानं तसाच आणला.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं तो दाखला घेऊन हेडक्लार्क नानांकडे गेलो. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अहो, हा वडिलांच्या नावाचा आहे."

"आजारी वडीलच होते."

"ते कळलं हो मला. पण टर्म काही वडिलांची नाही!" नानांनी कागद माझ्याकडे सरकवला. "असं करा, ह्याला संध्याकाळच्या गाडीनं कोरेगावला धाडा. तोच डॉक्टर, त्याच तारखा, तोच ताप. नाव तेवढं बदलून आणायचं. उद्या अकराच्या आत माझ्या टेबलावर."

"खोटं होईल ते."

"खोटं कसलं? घरात ताप होता की नव्हता?" नाना हसले. "ट्यूटरसाहेब, पलटणीत रजा असते, कचेरीत रजा असते. कॉलेजात रजा नसते, आजारपण असतं. इथं ज्याला घरी काम निघतं तो आजारी पडतो. पंचवीस वर्षं मी हेच फाइल करतोय."

शंकर माझ्याकडे बघत होता. "दादा, जाऊ का? गाडी मिळंल."

"नको," मी म्हणालो. "प्रिन्सिपॉल माणूस ओळखतात."

मला खरंच तसं वाटत होतं. मी त्याच कॉलेजात शिकलो होतो. ज्या जागेनं मेंढक्याच्या पोराला खुर्ची दिली, ती जागा न्यायाचीच असणार, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी आबा सकाळच्या गाडीनं आपण होऊन आले. बाकाच्या मागेच एक वर्ग होता. आत हजेरी चालली होती. प्रोफेसर रजिस्टरमध्ये बघून नंबर वाचत होते, पोरं "प्रेझेंट सर" म्हणत होती. आबा कान देऊन ऐकत होते.

"म्हादू, येकच पोरगं तीनदा वराडलं न्हवं?"

"मित्रांची हजेरी लावतात, आबा. प्रॉक्सी म्हणतात त्याला."

"आन् मास्तर?"

"मान वर करत नाहीत."

आबा खूप हसले. हसताना खोकला आला. "आमच्याकडं तिघांस्नीबी क्वार्टर गार्डात घातलं असतं. मंग शंकऱ्याची का न्हाई लावली कुनी?"

"मित्र लावणार होते. त्यानंच नको म्हणून सांगितलं."

"बरं केलं," आबा म्हणाले आणि शेजारी बसलेल्या शंकरच्या पाठीवर हात ठेवला. नंतर हळूच मला म्हणाले, "आमच्या घरात चार पिढ्या बंदुकीच्या झाल्या. थोरला गेला तिकडंच. ह्यो येक वहीचा होऊ दे, बाबा."

मला आत बोलावलं. प्रिन्सिपॉल विलायतेत शिकून आलेले. स्वभावानं वाईट नव्हते. माझ्याआधी एका वकिलाच्या मुलाचा अर्ज होता. तो दोन आठवडे मुंबईत क्रिकेटच्या मॅचेस बघत होता, हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं. अर्जाला काविळीचा दाखला जोडला होता. प्रिन्सिपॉलनी तारखा पाहिल्या आणि सही केली. मग शंकरचा दाखला हातात घेतला.

"हा तर फादरचा आहे."

"होय सर. घरात दुसरं कोणी नव्हतं."

"मला वाईट वाटतं. पण नियमात विद्यार्थ्याचं आजारपण आहे, घरच्यांचं नाही."

"सर, त्याला खोटा दाखला आणता आला असता. त्यानं आणला नाही."

प्रिन्सिपॉलनी पेन खाली ठेवलं. "विलायतेत मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवतात. इथं मी ठेवला, तर उद्या पन्नास बाप आजारी पडतील."

"आज पन्नास मुलं पडतायत, सर."

हे बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा बदलला. "मी खरेपणाची परीक्षा घेत नाही. मी टर्म देतो किंवा देत नाही. नेक्स्ट."

दार उघडंच होतं. आबांनी ऐकलं असावं. ते आत आले, टाचा जुळवून त्यांनी सलाम ठोकला.

"सायेब, माज्या पलटनीत शिपायाचा बाप आजारी पडला तर रजा मिळायची. लढाई चालू असली तरीबी."

"सुभेदार, हे कॉलेज आहे."

"व्हय," आबा म्हणाले. "त्ये दिसलं."

त्यांनी पुन्हा सलाम केला आणि वळले. शंकरच्या अर्जावर लाल पेन्सिलीनं 'नॉट ग्रँटेड' असं लिहिलं गेलं. तो कागद फाइलला लावायला नानांनी माझ्याच हातात दिला.

स्टेशनवर शंकर म्हणाला, "फुडच्या वर्षी परत बसीन." आबा "व्हय, व्हय" म्हणत राहिले. मी कुठली पुस्तकं वाचून ठेवायची ते सांगत होतो. कोणी ऐकत नव्हतं.

लढाईचे दिवस होते. साताऱ्यात भरती जोरात चालू होती. वर्षभर रिकामं बसायचं, तेही ज्याच्या आजारपणानं टर्म गेली त्या बापासमोर, हे शंकरला जमलं नाही. पंधरवड्यानं आबांचं कार्ड आलं. मोठ्या, सुट्या अक्षरांत. 'शंकर भरती झाला. मला सांगून गेला नाही. तुझा यात काही दोष नाही. तू त्याला खरं बोलायला सांगितलंस, ते चांगलंच केलंस.'

त्यानंतर मी तीस वर्षं नोकरी केली. टर्मची अडचण घेऊन मुलगा आला की मी पहिल्यांदा एकच विचारायचो, दाखला कोणाच्या नावाचा आहे? वडिलांच्या असेल तर त्याला नाव बदलून आणायला परत पाठवायचो आणि पुढचं काही विचारायचो नाही. या व्यवस्थेत माझ्या हातून झालेली सुधारणा तेवढीच.

आबांच्या त्या कार्डाला मी तेव्हा उत्तर पाठवलं, ते असं:

*तीर्थस्वरूप सुभेदार आबा यांचे चरणी महादेवाचा साष्टांग नमस्कार.*

*कार्ड पोहोचलं. माझा दोष नाही असं आपण लिहिलंत. दोन गोष्टी आपल्याला माहीत नाहीत, म्हणून तसं लिहिलंत.*

*आदल्या दिवशी हेडक्लार्कनी दाखल्यावरचं नाव बदलून आणायला सांगितलं होतं. शंकर गाडीला निघायला तयार होता. त्याला मी अडवलं.*

*दुसरी गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. इंटरच्या वर्षी माझीही हजेरी कमी पडली होती. वडिलांचा जोडीदार सोडून गेला, म्हणून मी कळपामागे गेलो होतो. आपल्याला मी कॉलेजात आहे असं कळवलं होतं. याच हेडक्लार्कनी मला हिवतापाचा दाखला मिळवून दिला आणि याच प्रिन्सिपॉलनी टर्म दिली. मला ताप आलेला नव्हता. मी बी.ए. झालो तेव्हा आपण गावात पेढे वाटलेत, ते त्या दाखल्यावर. हेडक्लार्क त्या दिवशी शंकरसमोर हे बोलले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.*

*त्या कागदाची मला इतकी वर्षं लाज वाटत होती. शंकरच्या हातून तसं होऊ नये, असं मी मनाशी धरलं. त्याला काय हवं आहे ते विचारलं नाही. माझ्या खोट्याची भरपाई मी त्याच्याकडून करून घेतली, आबा.*

*शंकर कुठल्या डेपोत आहे तो पत्ता कळवावा. हे त्यालाही लिहायचं आहे. आपण कळवला नाहीत, तरी मी समजेन.*

*आपला,*
*महादेव*